कोरडी फरशी

महानंदाकाकूंनी पाच किलोची पिशवी जमिनीवरून उचलली, छातीशी धरली आणि सरळ उभ्या राहिल्या, तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पिशवी खाली ठेवायला त्या परत वाकल्या तोवर मी पाहुण्यांकडे वळले होते. त्यामुळे नेमकं काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मी परत बघितलं तेव्हा पिशवी जमिनीवर होती आणि काकू भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही हात मांड्यांवर, नजर समोर. कपाळावर घाम होता, पण सोलापुरात मार्चमध्ये दुपारी तीन वाजता घाम कुणाला येत नाही?

मी जवळ गेले. त्या ओठ न हलवता बोलल्यासारख्या बोलल्या.

"पाठीत काहीतरी मोडल्यासारखं वाटलं, डॉक्टरीणबाई. आता काही बोलू नका. पाहुणे जाऊ द्या."

मी पाहुणे जाऊ दिले.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून गावात छोटं क्लिनिक काढलं होतं, आणि आठवड्यातून तीन दुपारी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये पाळी गेलेल्या बायकांसाठी वर्ग घ्यायचे. क्लिनिकमध्ये रोज साठीच्या बायका यायच्या, कुणाचं मनगट मोडलेलं, कुणाचा खुबा. सगळ्यांची कहाणी सारखीच. पाळी गेल्यावर हाडं आतून विरत जातात, स्नायू सैल पडत जातात, आणि घरचे म्हणतात, आता तुम्ही बसून राहा, खूप केलंत आयुष्यभर. त्या बसतात. मग एक दिवस पाटावरून उठता येत नाही. मला वाटायचं, ह्या मोडून माझ्याकडे यायच्या आधीच मी त्यांच्याकडे जायला हवं. जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून घेतल्या, त्यांत वाळू भरली, किराणा दुकानातल्या काट्यावर एक, दोन, तीन, पाच किलो अशी मोजून घेतली. बायका पहिल्या दिवशी हसल्या. पुढच्या चार महिन्यांत तेवीसजणी नियमाने यायला लागल्या.

महानंदा हत्तुरे त्यांतल्या सगळ्यात उत्साही. वय त्रेसष्ट. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्या घराबाहेर फारशा पडल्याच नव्हत्या. मुलगा बसवराज, त्याचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. सून शैलजा, अक्कलकोटकडची. एक नात. पहिल्या दिवशी काकूंना खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता आलं नव्हतं. चौथ्या महिन्यात त्या दोन्ही हातांत दोन-दोन किलो घेऊन बारा वेळा उठत होत्या. बसवराज त्यांना विचारायचा, अव्वा, या वयात तालमीत नाव घालायचंय का? हे त्या मला हसत सांगायच्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला हसत सांगितली होती. हल्ली साडीच्या निऱ्या पायात येतात म्हणे, पूर्वी असं होत नव्हतं. मीही हसले होते. उंची कमी होणं म्हणजे पाठीचे मणके आधीच दबलेले असणं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

माझा नियम होता की हाडांची तपासणी झाल्याशिवाय कुणी दोन किलोच्या पुढे जायचं नाही आणि कंबरेतून वाकून तर काहीच उचलायचं नाही. काकूंच्या कागदावर तपासणीची ओळ कोरी होती. त्या दिवशी डॉक्टरांच्या संघटनेचे दोघेजण वर्ग बघायला आले होते. त्यांनी आमच्या बायकांसाठी तपासणीचं शिबिर घ्यावं म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. त्यांच्यातला एकजण म्हणाला, या वाळूच्या पिशव्या जरा खेळातल्याच वाटतात. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, पाचची उचलू का? मी मान हलवली. होकारार्थी.

मी त्यांना रिक्षातून घरी नेलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या माझा हात आवळत होत्या. घरी कुणी नव्हतं. शैलजा मुलीला शाळेतून आणायला गेली होती. मी काकूंना पलंगावर निजवलं आणि म्हटलं, बसवराजना फोन करते, आत्ताच एक्स-रे काढायला हवा.

"काय सांगणार त्याला?"

"जे झालं ते."

त्या म्हणाल्या, "आपल्या वर्गातली रझियाआपा सहा वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढत होती. गेल्या महिन्यात ती परत जमिनीवर बसली. परवा मला हात धरून रडली. तुम्ही हे सांगितलंत तर उद्यापासून एकीलाही घरचे पाठवणार नाहीत. तुम्ही जा. मी न्हाणीत घसरले. बास."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, दार लोटून घेतलं आणि आले. त्या बायकांचा विचार मी केला, हे खरं. पण त्याच्याआधी मी स्वतःचा केला. एकोणतिसाव्या वर्षी, एकट्या बाईचं नवं क्लिनिक, आणि तिच्या हातून एका म्हातारीचा मणका मोडला. असं गावात झालं असतं तर माझ्याकडे कोण आलं असतं?

संध्याकाळी बसवराजनं त्यांना इस्पितळात नेलं. मणका मोडलाच होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन मणके आधीच दबलेले दिसतात, ते जुने आहेत. ऑपरेशनची गरज नाही. तीन आठवडे विश्रांती, मग पट्टा बांधून हळूहळू उठवा, बसवा, चालवा. चार दिवसांनी त्या घरी आल्या. पट्टा आला. पलंगाशेजारच्या खिळ्याला तो टांगून ठेवला.

मी दर रविवारी जायला लागले. श्वासाचे व्यायाम, घोट्यांचे व्यायाम, पडल्या पडल्या जे करता येतं ते. पहिल्याच रविवारी घरातली हवा माझ्या लक्षात आली. भेटायला नात्यातल्या दोन बायका आल्या होत्या. त्यांतली एक शैलजाच्या देखत म्हणाली की न्हाणी पुसून घ्यायला कितीसा वेळ लागतो, म्हातारं माणूस घरात आहे म्हटल्यावर लक्ष नको का ठेवायला. बसवराज तिथंच होता. तो म्हणाला, हेच मी हिला रोज सांगतोय. शैलजा चहाचे कप गोळा करून आत गेली. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढच्या वेळी आम्ही दोघीच असताना मी विषय काढला. काकू, शैलजाताईंना फार बोलणी बसतायत.

"मी पस्तीस वर्षं ऐकून घेतलंय," त्या म्हणाल्या. "ती दोन महिने ऐकेल. मी उभी राहिले की सगळे विसरतील."

त्या वाईट बाई नव्हत्या. हे त्यांनी चिडून किंवा सुनेवर राग काढायला म्हटलं नाही. त्यांना ते खरंच एवढंसं वाटत होतं. आणि मला ते ऐकून बरं वाटलं, हेही मला आठवतं.

चौथ्या आठवड्यात मी बसवराजला म्हटलं की आता त्यांना बसवायला हवं. तो हात जोडून म्हणाला, मॅडम, तुम्ही एवढं येता, फार उपकार आहेत. डॉक्टर म्हणाले की अव्वाचे स्नायू चांगले आहेत, तुमच्या वर्गामुळंच ती एवढी तरली. पण आता तिला हलवायची जोखीम मी घेणार नाही. एकदा झालं तेवढं पुरे. मी म्हणायला हवं होतं की झोपून राहण्यानं जेवढं नुकसान होतं तेवढं उठण्यानं होत नाही. या वयात पाठीवर पडून राहिलेल्या माणसाची छाती भरत जाते, पायांतलं बळ आठवड्यागणिक जातं. हे मी रोज दहाजणांना सांगत होते, टेबलावर हात आपटून सांगत होते. पण तो माझे आभार मानत होता. मी फक्त म्हटलं, बघा, तुमच्या सोयीनं.

एप्रिलच्या मध्यात एका दुपारी शैलजा क्लिनिकमध्ये आली. डोक्यावरून पदर घेतला होता, उन्हामुळं चेहरा लाल झाला होता. पाणी दिलं तर घेतलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसली.

"त्या दिवशी आमच्याकडे पाणी आलं नव्हतं," ती म्हणाली.

मला कळेना. ती शांतपणे सांगत होती. त्यांच्या पेठेत चार दिवसांआड पाणी यायचं. त्या दिवशी नळ येऊन चार दिवस झाले होते. घरात प्यायचा एक हंडा आणि एक बादली शिल्लक होती, आणि ती बादली तिनं ताट झाकून स्वयंपाकघरात ठेवली होती. सकाळच्या आंघोळी ओल्या फडक्यावर भागवलेल्या. न्हाणीची फरशी आदल्या दिवसापासून खडखडीत कोरडी होती.

"ओली करायला मी पाणी कुठून आणणार होते, मॅडम? आणि मी मुलीला घेऊन परत आले तेव्हा आत्यांच्या पायात घराबाहेरच्या चपला होत्या. पलंगावर. तुमच्या हॉलची धूळ होती साडीला. मीच ती साडी धुतली."

मी सगळं सांगितलं. पाच किलोची पिशवी, कोरी ओळ, रिक्षा. ती ऐकत राहिली. शेवटी मी म्हटलं की काकूंनीच मला शपथ घातल्यासारखं सांगितलं होतं, बाकीच्या बायकांसाठी.

"त्यांनी मला विचारलं होतं?"

मी पाण्याचा पेला पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

मग ती पुढचं सांगायला लागली. काकू रोज दुपारी तिला विनवायच्या, मला जरा बसव, पाठ जळतेय, पाय खाली सोडू दे. पट्टा समोरच टांगलेला असायचा. बसवराज दुकानात. घरात दोघीच. तिला येत होतं उठवता. इस्पितळातल्या नर्सनं दाखवलं होतं. पण ती उठवत नव्हती.

"मी उठवलं आणि परत काही झालं, तर? एकदा काही न करता माझ्यावर आलं. दुसऱ्यांदा खरंच माझ्या हातात असताना झालं तर मला त्या घरात उभं राहता येणार नाही. माझी मुलगी आहे." मग म्हणाली, "तुम्ही यांना येऊन सांगा. बाकी मला काही नको. सांगितलंत की मी आत्यांना त्याच दिवशी उठवते."

मी म्हटलं, रविवारी येते.

रविवारी मी गेले. आठ मिनिटांचं अंतर मी पाऊण तासात चालले. बसवराज पुढच्या खोलीत होता. त्यानं माझ्यासाठी सरबत करायला सांगितलं. आत काकू होत्या. पाच आठवड्यांत त्यांचे दंड अर्धे झाले होते. चार महिने मेहनत करून आम्ही दोघींनी मिळवलेलं सगळं त्या पलंगानं काढून घेतलं होतं. शैलजा दारात उभी होती, ट्रे हातात. मी बसवराजला म्हटलं, मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. तो समोर येऊन बसला. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

मी बसवराजला श्वासाचा व्यायाम दिवसातून चारदा घ्यायला सांगितलं. उशी थोडी उंच करायला सांगितली. सरबत प्याले आणि निघाले. शैलजा दारापर्यंत आली. माझी एक चप्पल उलटी झाली होती, ती तिनं वाकून सरळ केली.

त्यानंतरच्या दोन रविवारी मी गेले नाही. ताप असल्याचा निरोप दिला. खोटाच.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काकूंना खोकला सुरू झाला. मग ताप. छातीत कफ साठला होता आणि तो खोकून बाहेर काढण्याइतकं बळ उरलं नव्हतं. इस्पितळात नेलं त्याच्या सहाव्या दिवशी त्या गेल्या. त्यांना माती दिली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे बायकांच्या घोळक्यात उभी होते. आमच्या वर्गातल्या बऱ्याचजणी आल्या होत्या. रझियाआपा मला म्हणाली, पडण्याचं निमित्त झालं बघा, नाहीतर किती तगडी झाली होती ती. मी हो म्हटलं.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले आहे की माझ्याकडून एक चूक झाली, पाच किलोची. पिशवीनं मणका मोडला, हे खरं. पण मोडलेल्या मणक्याची माणसं मी त्यानंतर कितीतरी उभी केली आहेत. दोन महिन्यांत चालायला लागतात. काकूही लागल्या असत्या. त्यांना उठवणारे दोनच हात त्या घरात होते आणि ते हात मी बांधून ठेवले होते. हे मला त्या दिवशी स्मशानाबाहेर उभी असताना कळलं. म्हणजे, तोपर्यंत कळलं नव्हतं असं म्हणायची मला सोय होती. ती तिथं संपली.

आठवडा जाऊ दिला आणि मी हत्तुऱ्यांकडे गेले. दुपार होती, दुकान अजून उघडलेलं नव्हतं. पुढच्या खोलीत बसवराज एकटाच बसला होता. पलंग काढून टाकला होता. भिंतीवर त्याची आडवी खूण तेवढी राहिली होती. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, बसले तर सांगणार नाही अशी भीती वाटत होती. हॉल, पाहुणे, पिशवी, मी हलवलेली मान, रिक्षा, न्हाणीची गोष्ट. काहीही गाळलं नाही. तो चिडेल, अंगावर येईल, पोलिसांत जाईन म्हणेल, अशी तयारी करून गेले होते. त्यानं मध्येच काही विचारलं नाही.

"म्हणजे ती पडलीच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मी हिला दोन महिने..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग त्याला एकदम काहीतरी धरायला सापडल्यासारखं झालं. आवाज चढला. "मग ही का नाही बोलली? फरशी कोरडी होती तर हिला माहीत असणार. हिनं सांगायचं नाही का मला?"

शैलजा आतल्या दारात उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. हातात नातीचा, म्हणजे तिच्या मुलीचा, अर्धा उसवलेला फ्रॉक होता.

"बोलले होते," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. इस्पितळाच्या जिन्यात. पाणी आलं नव्हतं, म्हणाले. तुम्ही म्हणालात, आता तोंड वर करून बोलू नकोस."

बसवराज तिच्याकडे बघत राहिला. त्याला आठवत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मला वाटतं आठवत नव्हतं. ते त्याच्यापर्यंत पोचलंच नसावं. ती आत निघून गेली आणि थोड्या वेळानं शिलाई मशीन चालू झालं. तो मला जा म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. मी निघाले.

सोमवारी मी वर्गात सगळ्यांना सांगितलं. रझियाआपा उठून गेली ती परत कधी आली नाही. बुधवारी नऊजणी आल्या. त्या नऊजणींच्या तपासण्या होईपर्यंत आम्ही पिशव्यांना हात लावला नाही. खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, एवढंच केलं. डॉक्टरांच्या संघटनेला मी पत्र लिहून कळवलं. त्यांनी चौकशी केली, समज दिली, आणि पुढच्या वर्षी शिबिरही घेतलं. क्लिनिक काही महिने ओस पडलं, मग लोक परत यायला लागले. मला वाटलं होतं तेवढं काहीच घडलं नाही. ज्याच्या भीतीनं मी गप्प बसले होते ते एवढंच होतं.

या सगळ्याला चौदा वर्षं झाली. वर्ग अजून आहे, आता त्याला मोठा हॉल आहे, लोखंडी वजनं आहेत. गेल्या वर्षी मंडईत शैलजा दिसली. पन्नाशीला आली असेल. केस बरेच पांढरे झाले होते, डाव्या मनगटाला पट्टा होता. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, गच्चीवर हात टेकला, तेवढ्यानं मोडलं. पाळी दोन वर्षांपूर्वीच गेली म्हणाली. मला पुढचं सगळं दिसत होतं, आणि ते थांबवता येण्यासारखं होतं. मी सांगायला लागले की तपासणी करून घ्या, व्यायाम सुरू करा, मी स्वतः...

तिनं ऐकून घेतलं. भाजीची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तुमचं काम चांगलं आहे," ती म्हणाली. "आमच्या गल्लीतल्या दोघी येतात तुमच्याकडे. मीच पाठवलं त्यांना. चालू ठेवा. पण मला बोलावू नका."

आणि ती गर्दीतून पुढे गेली, मोडलेला हात छातीशी धरून.